पान 112

रत्नागिरी, रविवार

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. फोनवर तू "मी बरी आहे" एवढंच म्हणतेस, आणि पत्रात चार पानं भरून लिहिलंस. आईने ते दोनदा वाचलं. मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुला फोन करायला हात गेला होता, पण तू लिहून विचारलंयस तर लिहूनच उत्तर द्यावं असं वाटलं.

जयकर ग्रंथालयात पुस्तक उघडून बसतेस आणि एकच परिच्छेद तीन-तीनदा वाचूनही आत काही उतरत नाही, असं तू लिहिलंयस. आजी गेल्यापासून अभ्यासाचं सोडून दुसरं एकही पुस्तक तू पुरं केलेलं नाहीस. ज्या आजीने वाचायला शिकवलं तिच्यामागे आपण वाचणंच सोडलं, याची तुला लाज वाटते. बाय, ही लाज मला ठाऊक आहे. बारावीत असताना मी तिच्यासोबत बरेच दिवस काढलेत.

तुझे आजोबा जुलै 1987 मध्ये गेले, हे तुला माहीत आहे. त्यानंतरच्या दिवसांबद्दल मात्र मी तुझ्याशी कधी बोललो नाही. ते बंदर खात्यात कारकून होते. संध्याकाळी घरी आले की पडवीत बसून वाचायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाशी वाचनालयाचं एक जाडजूड पुस्तक होतं, मराठ्यांच्या आरमारावरचं. खूण म्हणून त्यात एसटीचं तिकीट घातलेलं होतं. मी त्या पुस्तकाला हात लावत नव्हतो आणि दुसऱ्या कुणाला लावूही देत नव्हतो. परत करायची तारीख उलटून गेली, तरी ते तिथेच राहिलं.

तुझे मिरकरवाड्याचे काका तेव्हा रोज आमच्याकडे यायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत हा मोकळाच असायचा. यायचा, पडवीत टेकायचा, पागोळ्या बघत बसायचा. "धीर धर" वगैरे त्याने मला कधीच म्हटलं नाही. आजीने भाताची पेज दिली की प्यायचा आणि काळोख पडता पडता निघून जायचा. तेराव्यानंतर माणसांची ये-जा आटली, पण त्याच्या येण्यात खंड पडला नाही.

एक दिवस तो म्हणाला, "पुस्तक परत करायला हवं. काकांच्या नावावर दंड चढतोय." तुझ्या आजोबांना तो काका म्हणायचा. मला संताप आला. त्याने पुस्तक उचललं, तिकीट होतं ते पान बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिलं: पान 112. मग पिशवीत घालून पावसात ते घेऊन गेला. दंड त्यानेच भरला. पुढे आजोबांचं खातं बंद झालं, अनामत आजीला परत मिळाली.

ह्या माणसाला वाचनाची आवड कधीच नव्हती, अजूनही नाही. तरी होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर त्याने धक्क्यावर बर्फ फोडून मिळालेल्या पैशांतून वाचनालयाची वर्गणी भरली, स्वतःच्या नावावर. तेच पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, "एकशे तेरापासून वाच."

मी तसंच वाचलं. आधी काय घडलंय ते कळत नव्हतं, माणसांची नावं लागत नव्हती, तरी आजोबा जिथे थांबले तिथून शेवटपर्यंत मी वाचत गेलो. ते संपल्यावर पहिलं पान उघडलं. दुसऱ्यांदा वाचताना एकेका पानावर वाटायचं, हे त्यांनी वाचलंय, इथे ते हसले असतील. 112 वं पान आलं आणि मला पहिल्यांदा रडू फुटलं. दिवसकार्यातही मी रडलो नव्हतो.

हे आज सांगायला कारण घडलंय. गेल्या रविवारी आम्ही आजीची ट्रंक उघडली. नऊवारी साड्या, व्हर्नाक्युलर फायनलचं, म्हणजे जुन्या सातवीचं, प्रमाणपत्र, तुझं पहिलीतलं चित्र, आणि तळाशी घडी घातलेलं कालनिर्णयचं एक पान. जुलै 1987. कोपऱ्यात त्याच्या पेन्सिलीतलं 'पान 112', पुसट झालंय पण वाचता येतं. अडतीस वर्षं आजीने ते जपलं आणि मला एका शब्दाने बोलली नाही. आपल्याला वाटलं होतं की तिच्या ध्यानातच आलं नसेल. मी काकांना बोलावून ते दाखवलं. ते बराच वेळ हातात धरून बसले, मग म्हणाले, "पेज चांगली करायच्या."

आता तुझ्या मैत्रिणीबद्दल. तू लिहितेस की तिच्याशी आता काय बोलायचं ते सुचत नाही, ती इथे राहिली, तू पुण्याला गेलीस, तिचे दोन मेसेज उत्तर न देता पडून आहेत, आणि आता उशीर झाला म्हणून आणखीच अवघड वाटतं. तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. आजीनेच सांगू नका म्हणून बजावलं होतं, तू परीक्षा सोडून धावत येशील ह्या भीतीने.

आजीच्या डोळ्यांचा पडदा गेल्या वर्षापासून जास्तच बिघडला होता. कडेचं दिसायचं, पण जिथे नजर लावावी तिथलंच अक्षर नाहीसं व्हायचं. ओळीच्या मधली अक्षरं कुणी खाऊन टाकतंय असं ती म्हणायची. भिंगानेही भागेना. तेव्हापासून तुझी मैत्रीण दर मंगळवारी आणि शनिवारी क्लासवरून परस्पर आपल्याकडे यायची आणि माजघरात खिडकीशी बसून आजीला वाचून दाखवायची. पुस्तकं वाचनालयातून तीच बदलून आणायची. आजी तिलाही ते नेहमीचं ऐकवायची, की आपलं वाचनालय 1828 सालचं आहे, टिळकांच्या जन्माच्याही अठ्ठावीस वर्षं आधीचं, तेव्हा तिथे जाताना नीट केस विंचरून जावं. ती मुलगी खरंच विंचरून जायची.

मृगाच्या पावसात आजी गेली तेव्हा तू एसटीत होतीस. कुंभार्ली घाटात दरड आल्यामुळे गाडी आंबा घाटाने वळवली आणि तू पोचलीस तोवर सगळं आटोपलं होतं. ते तुझ्या मनातून गेलेलं नाही, पत्रात ओळीओळीत दिसतं. तुझी त्यात काही चूक नाही हे मी दहादा सांगितलंय, अकराव्यांदाही सांगेन. पण त्या शनिवारी, शेवटच्या, आजीजवळ कोण होतं ते तू कधी विचारलं नाहीस आणि आमच्याकडूनही बोलणं झालं नाही. ती होती. वाचत होती. आजी म्हणाली, "आज पुरे गो, दमलंय," आणि तिने पुस्तक मिटलं. त्यानंतर आजी फारशी बोललीच नाही.

ती तुला मेसेज करते आहे ते बहुधा हेच सांगायला. मला विचारत होती, "काका, तिला मी नकोशी झालेय का?" मी नाही म्हटलं. पण माझ्या सांगण्याला काय अर्थ, ते तुझ्याकडून जायला हवं. उशिरा उत्तर दिल्याची माफी वगैरे मागत बसू नकोस. ते पुस्तक कुठलं होतं आणि आजी कुठे थांबली, एवढंच विचार तिला. मी मुद्दाम विचारून घेतलेलं नाही.

वाचन परत कधी सुरू होईल ते मला सांगता येणार नाही. मला अडीच महिने लागले होते आणि तेही कुणीतरी पुस्तक समोर आणून ठेवलं म्हणून. तोवर नेमलेलं वाच, परीक्षा दे, जेवण टाळू नकोस. रात्री झोप आली नाही तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

दिवाळीला ये. यंदा कंदील नाही, फराळ घरी करायचा नाही, वर्षश्राद्धापर्यंत सण नाहीत. पण वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेचे पैसे मी भरून आलोय. पैसे भरताना सवयीने आजीचंच नाव सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता तिथे तुझं नाव लिहिलं.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठवतोय. काका शुक्रवारी कामासाठी पुण्याला येताहेत, ते हॉस्टेलवर आणून देतील. त्यांना लगेच परत पाठवू नकोस, थोडा वेळ बसव.

आजीचं ते शेवटचं पुस्तक अजून तुझ्या मैत्रिणीकडेच आहे. दर पंधरा दिवसांनी जाऊन ती तारीख वाढवून आणते.

तुझे,
बाबा