विषय: ५०० व्हिजिटिंग कार्डं आणि ती वाचण्यासाठी "झूम करा" हा तुमचा सल्ला

मॅनेजमेंट यांना,

तुमच्या सपोर्टचा चौथा कॉल आत्ता संपला. निम्म्याहून जास्त वेळ होल्डवर बासरी ऐकत होतो त्यामुळे डोकं शांत असायला पाहिजे, पण नाहीये.

ऑर्डरचे डिटेल्स तुमच्याकडे आहेत, परत लिहीत नाही. "इफेक्टिव्ह डिझाईन"वालं पॅकेज, ८९ बाय ५१ मिमी, ५०० नग. मी वॉशिंग मशीन आणि फ्रीज दुरुस्त करतो. माझं कार्ड कुणी पाकिटात जपून ठेवत नाही, मशीनला चिकटवतात आणि एकदम दीड वर्षाने बघतात, तेही पाणी बाथरूमच्या बाहेर आल्यावर. तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी असते, नंबर. ब्रीफमध्ये हेच लिहिलं होतं, नंबर सगळ्यात मोठा, बाकीचं तुम्ही बघा.

तुम्ही बघितलंत. लोगोने एक तृतीयांश कार्ड खाल्लं, जो मी मागितलाच नव्हता (आणि पान्याला पंख का आहेत?). त्याखाली "विश्वासाचं दुसरं नाव", हेही तुमचंच. आणि नंबर? खाली कोपऱ्यात, ५ पॉइंटच्या बारीक अक्षरात, फिका करडा. करडा रंग छपाईत बारीक ठिपक्यांनी बनतो, एवढ्याशा अक्षराला दिला की कडा फुटतात, हे मला ओळखीच्या प्रेसवाल्याने भिंग लावून दाखवलं. तुम्हाला माहीत असणारच, धंदाच तो आहे तुमचा. त्यात भर म्हणजे नंबर कोपऱ्याला इतका चिकटवलाय की बऱ्याच कार्डांवर कटिंगमध्ये शेवटचा आकडा अर्धा गेलाय, उरलेला अर्धा कस्टमरने मनाने लावायचा. तुमच्याच टेम्पलेटमध्ये कडेपासून ३ मिमी सेफ मार्जिन आखलेलं आहे हो!

मराठीची तर वाट लावलीये. "दुरुस्ती"मधल्या "स"चा पाय मोडून "ती" बाजूला पडलीये, "सर्व्हिस"चा रफार गायब, अक्षरं सुटी सुटी आणि वेलांटी भलत्याच जागी. छपाईआधी मंजुरीला पाठवलेल्या नमुन्यात, म्हणजे प्रूफमध्ये, हे बरोबर होतं. म्हणजे प्रिंटची फाईल बनवताना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तिथे देवनागरीचं सेटिंग चालू नव्हतं आणि मशीनवर टाकायच्या आधी एकदाही कुणी वाचलं नाही. ज्याला "दुरुस्ती" धड लिहिता येत नाही तो फ्रीज काय दुरुस्त करणार.

मागची बाजू कोरी मागितली होती, लॅमिनेशनशिवाय, कारण तिथे मी पुढच्या सर्व्हिसची तारीख पेनने लिहितो. आली काळी आणि चकचकीत. क्यूआर कोड त्या काळ्यावर पांढऱ्यात, चारही बाजूंनी कोडमधल्या चार-चार बारीक चौकोनांएवढी मोकळी जागा सोडायची असते ती सोडलेली नाही. घरातल्या तीन फोनपैकी एकाने वाचला.

आता आजचा कॉल. मी म्हटलं, नंबर वाचता येत नाही. तुमचा एक्झिक्युटिव्ह, आवाजात मध, "सर, झूम करून बघितलं का?" मला वाटलं प्रूफबद्दल बोलतोय. म्हटलं दादा, कार्ड माझ्या हातात आहे, कागदाचं. "हो सर, मी इथे स्क्रीनवर झूम केलंय, एकदम क्लिअर आहे." म्हटलं माझ्या कस्टमरकडे तुमची स्क्रीन नाहीये. थोडा वेळ नुसती कीबोर्डची टकटक. मग म्हणतो, "सर, त्यांना सांगा, मोबाईलने फोटो काढायचा आणि तो झूम करायचा." चेष्टेत नाही, सिरियसली. म्हणजे पायाखाली पाणी साचलेलं असताना एखाद्या आजींनी वाकून मशीनचा फोटो काढायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, नंबर पाठ करायचा आणि त्याच फोनवरून लावायचा, आणि अर्धा आकडा आहेच मनाने लावायला. मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य, "सर, डिझाईन प्रीमियम आहे, तुमच्या कस्टमरचा एज ग्रुप काय आहे?"

माझा कस्टमर म्हातारा आहे ही आता माझी चूक!

"तुम्ही प्रूफ ॲप्रूव्ह केलंय" हे चारही कॉलमध्ये ऐकलं. केलंय. मोबाईलवर आलेलं, कार्डापेक्षा मोठं दिसणारं, नेमकं नंबरवरच तुमचं वॉटरमार्क असलेलं. खऱ्या मापात प्रिंट काढून बघायला हवं होतं, एवढी चूक मान्य. पण मोडलेली अक्षरं, कापलेला आकडा आणि काळी मागची बाजू त्या प्रूफमध्ये नव्हतीच, मग मी ॲप्रूव्ह काय केलं?

तुमच्याकडून आधी दोनदा बिलबुकं छापून घेतलीत, चांगली आली होती, म्हणूनच परत आलो.

नवीन ५०० कार्डं द्या किंवा पूर्ण पैसे. पुढच्या ऑर्डरवर डिस्काउंट कूपन नको, पुढची ऑर्डर नाहीये. सात दिवसांत झालं नाही तर बँकेत पेमेंटचा डिस्प्युट टाकतोय आणि रिव्ह्यूमध्ये कार्डाचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, झूम न करता.

हा बॉक्स न्यायला कुणाला कधी पाठवताय ते मेलवर कळवा. फोन करू नका.