तुमच्या 'समाधानकारक' स्लॅबबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या घराच्या तपासणीचा चुकीचा अहवाल मागे घेणे व फी परत मिळणेबाबत

तुमच्या प्रतिनिधीचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी.

'जुन्या घरांसाठी विशेष तपासणी' या पॅकेजमध्ये काय काय येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. स्लॅब, बीम, ओल, वायरिंग, पाइप असं सगळं तुम्हीच छापलंय आणि फीही आगाऊ घेतली आहे. तुमचा माणूस आला, टॉर्च मारत घरभर हिंडला, एका कॉलमवर हॅमर टेस्ट केली आणि आतल्या खोलीच्या छताबद्दल अहवालात लिहून गेला: 'बारीक भेग, फक्त गिलाव्यातली. रंगकामाच्या वेळी बुजवावी. स्थिती समाधानकारक.'

ती भेग सरळ, सळईच्या रेषेत धावत होती आणि तिच्या कडेला तांबूस ओघळ होता. तुमच्याच फोटोत तो स्पष्ट दिसतो. ओघळावर टेकवलेलं बोटसुद्धा तुमच्याच माणसाचं आहे! बोट ठेवलं, फोटो काढला, पुढे गेला. तिथे साध्या हातोडीने ठोकून पाहिलं असतं तरी बद्द आवाज आला असता. गेल्या आठवड्यात तिथलंच काँक्रीट खाली आलं. खोलीत तेव्हा कोणी नव्हतं, पण त्याचं श्रेय तुमच्या कंपनीला नाही.

आता आजचा फोन. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, तरी लिहिते. मी म्हटलं, छताचा तुकडा पडलाय, सळया उघड्या आहेत. 'होल्डवर ठेवतो मॅडम.' बराच वेळ संगीत. मग:

'मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये तुमच्या छताची स्थिती समाधानकारक दिसतेय.'

'मी त्याच छताखाली उभी आहे. मला सळया दिसताहेत.'

'बरोबर आहे मॅडम, पण सिस्टिमला समाधानकारक आहे.'

'मग सिस्टिमला इथे पाठवा.'

'मॅडम, घर जुनं आहे का?'

'हो. म्हणूनच तुम्हाला बोलावलं होतं.'

'मग जुन्या घरात असं होतंच ना मॅडम. ते आमच्या जबाबदारीत येत नाही.'

डोक्यावर केस आहेत म्हणून न्हाव्याने गिऱ्हाईक परत पाठवावं, तसला हा प्रकार. वर त्याने मला समजावलं, 'मॅडम, तुम्ही जरा पॅनिक होताय.' फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज आला: आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? तारे दिसायचेच बाकी आहेत, छत असंच राहिलं तर तेही दिसतील.

आम्ही दुसरा इंजिनिअर बोलावला. त्याने नुकत्याच तुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कलीपणा दाखवणारं रसायन, फवारलं. धड काँक्रीट त्याने गुलाबी पडतं. आमचं सळईच्या मागेपर्यंत कोरंच्या कोरं राहिलं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कलीपणा गेला की सळईचं संरक्षण जातं, ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. हे मी तुम्हाला शिकवायचं? आणि तुमची ती हॅमर टेस्ट फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. असं काँक्रीट वरून उलट जास्तच कठीण लागतं. एका कॉलमच्या आकड्यावर अख्ख्या घराला प्रमाणपत्र!

वायरिंगचं तर बोलूच नका. अहवालात 'अर्थिंग: आहे'. कशावरून? सॉकेटला तीन भोकं आहेत यावरून. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तर तिसऱ्या टोकाला वायरच नव्हती. 'इन्शुलेशन टेस्ट: ठीक' असंही लिहिलंय. ती टेस्ट करायचं यंत्र, मेगर, लावायचं तर वीजपुरवठा बंद करावा लागतो. तुमचा माणूस होता तोवर पंखा अखंड फिरत होता आणि मेन स्विचला कोणी हातसुद्धा लावला नाही. मग हे 'ठीक' कुठून आलं? चूक होणं मी समजू शकते, पण न केलेल्या चाचणीचा निकाल लिहिणं याला माझ्याकडे चूक हा शब्द नाही.

आणि पुन्हा सांगते, फी तुम्ही आगाऊ घेतली आहे.

मला पूर्ण फी परत हवी. छताला तात्पुरते टेकू लावावे लागले, तो खर्च हवा. सक्षम इंजिनिअरकडून, तुमच्या खर्चाने, फेरतपासणी हवी. टॉर्चवाला नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. तुमचा फोटो बोटासकट तिथे लावेन.

पण सगळ्यात आधी तो अहवाल लेखी मागे घ्या. ओल वरच्या मजल्याच्या बाथरूममधून उतरते आहे आणि वरची मंडळी तुमचाच अहवाल नाचवत सांगतात की छत समाधानकारक आहे, आम्ही लादी उखडणार नाही. तुमचं पत्र हातात येईपर्यंत ते हलणार नाहीत, आणि तोवर पाणी गळतच राहणार.

तुमची (तूर्तास) ग्राहक

सोबत: तुमच्या अहवालाची प्रत, आत्ताचे फोटो, दुसऱ्या इंजिनिअरचा अहवाल