एकट्याचं घर, रीतसर

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

"लग्नाचं काय?" याला फोनवर "बघू" म्हणून वेळ मारून नेता येते, म्हणून हे लिहूनच कळवतो. सध्या मी एकटा आहे आणि मला ते आवडतं. कोणी मिळत नाही म्हणून नव्हे, रुसून तर नव्हेच. नोकरी कुठल्या शहरात करायची, पगारातलं किती बाजूला टाकायचं, रविवारी किल्ला चढायचा की दुपारपर्यंत लोळायचं, यात दुसऱ्या कुणाचं वेळापत्रक आड येत नाही. असा मोकळा काळ आयुष्यात फार लांबत नाही. मात्र एकट्याच्या घराला नीट व्यवस्था लागते, आणि तुमच्या काळज्याही बहुतेक तिच्याबद्दलच्याच आहेत.

आई, आधी जेवण. एकट्याचा स्वयंपाक बिघडतो तो मापामुळे. मोठ्या कुकरच्या तळाशी मूठभर डाळ लावली की ती करपते, म्हणून दोन लिटरचा कुकर. अर्धी वाटी तूरडाळ शिजवली की दोन-तीन वेळा पुरते. फोडणी न देता झाकून फ्रिजमध्ये ठेवायची आणि लागेल तेवढीच काढायची: आज लसूण-हिंगाची फोडणी, उद्या चिंच-गुळाची आमटी. मेथीची जुडी एका वेळी संपत नाही आणि धुऊन ठेवली की सडते. निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळली तर तीन-चार दिवस टिकते. उरलेला भात मात्र तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू जे विष तयार करतात ते नंतर गरम करूनही जात नाही. तुझ्या फोडणीच्या भातालाही हे लागू आहे, रागावू नकोस.

आजारपणाचं थोडक्यात: दाराची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे, फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि दोन नंबर. रुग्णालयात भरती करताना बहुधा सही करायला जवळचं माणूस मागतात, म्हणून त्यातला एक नंबर याच शहरातल्या मित्राचा, तुमचा दुसरा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, त्यामुळे स्वतःच्या नावाची पॉलिसी वेगळी हवी. ती तरुणपणीच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. निरोगी असताना घेतली की ती वर्षं आपोआप सरतात. मोठा मुदत विमा (मी गेलो तर घरच्यांना पैसे देणारा) मला आत्ता नको. बाबांचं पेन्शन आहे, माझ्या पगारावर तुमचं घर चालत नाही. एजंट काहीही म्हणो.

आता बाबा, तुमच्यासाठी खास. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार सगळं आईला मिळतं. आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या, म्हणजे आई असताना तुमच्या वाट्याला काहीच नाही! अविवाहित मुलीच्या बाबतीत मात्र आई-वडील दोघं बरोबरीने वारस. हा फरक मला पटत नाही, पण कायदा तसा आहे. नॉमिनी म्हणून तुमचं नाव लावून प्रश्न सुटत नाही. बँकेत आणि शेअर्समध्ये नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे ते वारसांसाठी. (आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, हा अपवाद.)

म्हणून मृत्युपत्र. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, माझी सही, आणि ती डोळ्यांदेखत झाल्यावर सही करणारे दोन साक्षीदार. तुम्ही साक्षीदार होऊ नका. ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे बरे, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवत नाही. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, तिथे तुम्हा दोघांची निम्मी-निम्मी नावं घालतो.

आणखी एक गोम आहे. लग्न झालं की पीएफचं जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, पण हिंदूचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. ते नव्याने लिहावं लागतं, आणि इथेच लोक चुकतात: पीएफ बायकोच्या नावे, बाकी सगळं पंधरा वर्षांपूर्वीच्या कागदाप्रमाणे. मी लग्न केलंच तर मुहूर्ताच्याच महिन्यात दोन्ही बदलीन.

बाबा, तुमचा आणि आईचा पॅन नंबर पाठवा. आई, स्थळं सुचवायला हरकत नाही, फक्त माझा नंबर परस्पर कुणाला देऊ नकोस.

तुमचा,
धाकटा