७८ वर दिसलेले सगळे बेंझीन नव्हते

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेतील मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र, तुम्ही सांभाळता, म्हणून आम्ही सर्वच विद्यार्थी तुमचे ऋणी आहोत. परंतु माझ्या नमुन्यांसाठी तुम्ही दिलेल्या एका संध्याकाळचे आभार मला जाहीरपणे मानावयाचे आहेत.

स्वारगेट चौक आणि तळजाई टेकडी येथील हवा मी कोळशाच्या नळ्यांत शोषून घेतली होती आणि तीतील बेंझीन (वस्तुमान ७८) कार्बन डायसल्फाइड या द्रावकाने सोडवून मोजत होते. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे आले. टेकडीवरची झाडी आणि चौकातली वाहतूक यांत फरक दिसू नये, हे मला खटकले होते. तरीही यंत्राने दिलेले आकडे म्हणून मी ते अहवालात उतरवले. ज्या आकड्यांची तुलना घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम या वार्षिक मर्यादेशी व्हायची, त्यांत एवढी ढिलाई चालत नाही.

आलेख पाहून तुम्ही शांतपणे विचारलेत, "ब्लँक कुठे आहे?" ब्लँक म्हणजे नमुन्याविना केलेली चाचणी. आपण यंत्रात नुसता द्रावक सोडला, तर ७८ या वस्तुमानावर तेथेही उंचवटा उभा! मग तुम्ही ७६ चा आलेख शेजारी लावलात. कार्बन डायसल्फाइडचे वस्तुमान ७६ असले, तरी निसर्गातील गंधकात ३४ वस्तुमानाचे समस्थानिक थोडे असतेच, आणि रेणूत गंधकाचे दोन अणू असल्याने ७६ च्या सुमारे ९ टक्के संकेत ७८ वर, म्हणजे नेमका बेंझीनच्या जागी, येतो. घटक वेगवेगळे करणाऱ्या नळीतून (कॉलममधून) द्रावक आधी बाहेर पडतो; त्याचे पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, सरेपर्यंत मी यंत्रातील रेणूंना विद्युतभारित करणारी तार (फिलामेंट) बंद ठेवली होती, पण द्रावकाची शेपटी बेंझीन बाहेर पडण्याच्या वेळेपर्यंत लांबली होती.

मी तेथेच थांबले असते. तुम्ही मात्र शेपटी वजा करूनही उरलेले छोटे पीक दाखवलेत. त्यात ७७, ५२ आणि ५१ या वस्तुमानांचे तुकडे बेंझीनच्याच प्रमाणात होते. ते खरोखरच बेंझीन होते, फक्त पुण्याच्या हवेतले नव्हे, द्रावकाच्या बाटलीतले.

त्यानंतर द्रावक आणि बेंझीन नीट वेगळे व्हावेत म्हणून आपण आतून जाड थर असलेला कॉलम लावला, त्याच्या ओव्हनचे सुरुवातीचे तापमान खाली आणले आणि कमी बेंझीनचा द्रावक मागवला. आता प्रत्येक तुकडीबरोबर हवा न ओढलेली एक नळीही मी त्याच पद्धतीने तपासते. सुधारित अहवालात स्वारगेटचा आकडा आहे. तळजाईच्या रकान्यात "शोधमर्यादेखाली" असे लिहिले आहे, आणि ते मी तुमच्यामुळे निःशंकपणे लिहू शकले.

आपली नम्र विद्यार्थिनी