दुचाकीच्या तक्त्यात अ‍ॅव्हरेजखेरीज आणखी रकाने हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या पुरवण्यांत नव्या मोटारसायकलींचे तक्ते छापून येतात. त्यांत सीसी, किंमत आणि अ‍ॅव्हरेज एवढेच असते. सातपूर, चाकण किंवा तळोज्याला रोज पहिल्या पाळीला जाणाऱ्याला तेवढ्यावर गाडी ठरवता येत नाही. म्हणून हे पत्र.

अ‍ॅव्हरेजचाच हिशेब आधी करू. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला 100 सीसीने लिटरला 62 आणि 125 सीसीने 54 दिले, तर फरक पडतो महिन्याला अडीच लिटरहूनही कमी. एवढ्यासाठी लोक 100 सीसी घेतात आणि रोज डबलसीट उड्डाणपूल चढताना तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येत राहतात. तक्त्यात हवा तो ओढीचा आकडा, म्हणजे टॉर्क, आणि त्याच्या शेजारी गाडीचे वजन. स्प्लेंडर प्लसचे वजन 112 किलो, टॉर्क साधारण 8 न्यूटन-मीटर. शाइन 125 चे वजन जवळपास तेवढेच, पण टॉर्क 11. वजन तेच आणि ओढ एक तृतीयांशाहून जास्त, हा फरक हाताला लगेच कळतो. सपाट गावात, एकट्याने, ताशी 50 च्या आत चालवायची असेल तर चार गिअरची शंभरीच घ्यावी. तिच्याइतकी कमी कुरकुर करणारी गाडी नाही. हायवेवर 65-70 धरायचे असेल तर मात्र तिचे हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणायला लागतात, आणि तासाभराच्या प्रवासात त्याचाच कंटाळा येतो. तिथे पाच गिअरची 125 हवी.

दीडशे-एकशेसाठच्या गाड्यांबद्दल दोनच गोष्टी. रोज घाट किंवा लांबचा हायवे असेल तर युनिकॉर्नसारखी 160 ची गाडी शांत आणि दमदार चालते, पण वजन 139-140 किलोच्या घरात जाते आणि सिग्नलच्या गर्दीत ते मनगटाला जाणवते. शिवाय 150 सीसीच्या वर विम्याचा गट बदलतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, तर त्यापुढे 350 सीसीपर्यंत 7,365 रुपये, वर जीएसटी वेगळा. 125 च्या वर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, ही त्या गाड्यांची जमेची बाजू. 125 पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्बी ब्रेक, म्हणजे एकाच ब्रेकने दोन्ही चाके धरणारी सोय, असते. एक्स्ट्रीम 125 आर सारख्या एखाद्या गाडीत पुढच्या चाकाला एबीएसचा पर्याय आहे. ओल्या रस्त्यावर रोज जायचे असेल तर त्याचे जादा पैसे द्यावेत.

शोरूमवाले रिकाम्या रस्त्यावर एकट्याला एक फेरी मारू देतात. त्यातून काही कळत नाही. मागे माणूस बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 25 ला गाडी आणून हळूहळू एक्सलेटर द्यावा. इंजिन ठोके न देता ओढले पाहिजे. मग मागच्या माणसाला विचारावे. दोन भागांच्या उंच सीटवर तरुण मुलगा मजेत बसतो, साडी नेसून एका अंगाला बसणारीला तीच सीट नकोशी होते.

गाडी टिकते किंवा बिघडते ती मात्र तक्त्यात कधीच न येणाऱ्या गोष्टींवर. सगळ्यांत मोठी गफलत ऑइलची. मोटारसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारसाठीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती क्लच प्लेटवर बसली की प्लेट सरकते, इंजिन रेस होते आणि गाडी पळत नाही. मग चांगली प्लेट बदलली जाते. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-2’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेले आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचे ऑइलच घालावे. या गाड्यांत मावते लिटरभराच्या आसपास, म्हणून पातळी थोडी उतरली तरी तिचा वाटा मोठा असतो. दर पंधरा दिवसांनी ऑइल मोजायची पट्टी काढून बघावी. क्लच लिव्हरला टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. ती नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबल्यासारखा राहतो.

दुसरी गोष्ट चेन. खालच्या बाजूला मधोमध बोटाने दाबल्यावर ती 20 ते 30 मिलिमीटर वरखाली व्हावी, तेही चाक फिरवून जिथे सर्वांत ताठ लागते तिथे मोजून. ताठ चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते, ढिली चेन एक्सलेटर सोडता-देता झटके देते. चेन नवी आणि दातेरी चक्र्या जुन्याच, अशी काटकसर करू नये. झिजलेले दाते नव्या चेनला काही महिन्यांत ताणून टाकतात. पूर्ण झाकलेल्या चेनला कव्हरचे रबरी बूच काढून ताण बघता येतो, आणि पावसाळ्यात तीच सोयीची. टीव्हीएस रेडरसारख्या गाडीच्या उघड्या चेनला दर 500 किलोमीटरला, पावसाळ्यात त्याहून लवकर, पुसून वंगण लागते. हे करायचा कंटाळा असेल तर झाकलेली चेनच घ्यावी. दिसायला ती कमी स्पोर्टी, एवढेच.

2020 नंतरच्या, कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. कायम शेवटच्या लिटरवर गाडी चालवली तर पंप तापतो. बॅटरी उतरली की पंपही चालत नाही, म्हणून किक असली तरी उपयोग होईलच असे नाही. सर्व्हिसिंगला प्रेशरचे पाणी स्टीअरिंगच्या कोनसेटवर (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगवर), चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरच्या कपलरवर, म्हणजे जोडांवर, मारू देऊ नये. नंतरचे बरेच बिघाड तिथूनच सुरू होतात.

आता बिलाकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण गाडीबरोबरच यायला हवे. तरीही हेच चाकाचे संरक्षण, म्हणजे साडीगार्ड, ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून बिलात लागतो. विमा शोरूमकडूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरचा दर आधी काढून जावे. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो: 3424 म्हणजे 2024 सालचा 34 वा आठवडा. तो बघितल्यावर गाडी यार्डात किती दिवस उभी होती याचा अंदाज येतो.

पुढच्या पुरवणीत आपण टॉर्क, वजन, चेनचा प्रकार, चेनसेट (चेन आणि दातेरी चक्र्या) व क्लच प्लेटची किंमत आणि विम्याचा गट एवढे रकाने वाढवावेत, ही विनंती. जागा कमी पडत असेल तर टॉप स्पीडचा रकाना काढावा.

आपला,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, नाशिक