‘पासवर्ड नको, त्याची लांबी छापा’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

स.न.वि.वि.

लॉगिनची टेस्ट केस आपल्या मशीनवर हिरवी (पास) आणि सर्व्हरवर लाल (फेल), हे दुखणं टेस्टिंगवाल्यांना नवं नाही. अशा वेळी पहिला हात जातो तो पासवर्ड लॉगमध्ये छापून बघण्याकडे. तुम्ही तो हात धरलात आणि एवढंच म्हणालात, की पासवर्ड छापू नका, त्याची लांबी छापा. त्याबद्दल हे आभाराचं पत्र. तुम्हांला यातलं सगळं पाठच आहे. तरी उघडं लिहितोय ते इतरांच्या कामी यावं म्हणून.

लांबी चार ठिकाणी मोजायची: सीक्रेट (सर्व्हरवर लपवून साठवलेला पासवर्ड) शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उतरल्यावर, टेस्ट रनर (टेस्ट चालवणारा प्रोग्राम) सुरू झाल्यावर, टाइप करण्याच्या अगदी आधीच्या ओळीत आणि टाइप झाल्यावर ब्राउझरच्या फील्डमध्ये. आकडा ज्या दोन ठिकाणांमध्ये बदलला, गडबड तिथेच. पण त्याआधी रीट्राय (फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) बंद करायचा, हा तुमचा आग्रह आम्हांला उशिरा कळला. चार वर्कर (टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) समांतर आणि प्रत्येकाचे तीन प्रयत्न म्हटले, की एका बिल्डमध्ये १२ चुकीची लॉगिनं होतात आणि खातं लॉक होतं. मग पासवर्ड दुरुस्त केला तरी टेस्ट लालच, आणि खातं लॉक असल्याचं कळतही नाही, कारण बहुतेक लॉगिन पानं मुद्दाम एकच मोघम संदेश दाखवतात. म्हणून आधी खातं उघडं आहे का ते बघायचं, पासवर्डची मुदत संपलेली नाही ना ते बघायचं, मग बाकीचं.

आता पासवर्ड १२ अक्षरी धरू.

लांबी ० आली, तर पासवर्ड ठेवलेलं व्हेरिएबल पोहोचलेलंच नाही. नावातलं लहान-मोठं अक्षर चुकलेलं असतं, नाहीतर गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर टेस्ट आपोआप चालवणारी सेवा) पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याची विनंती) फोर्कवरून, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या कोडच्या प्रतीवरून, आलेली असते. तशा रनला मूळ रेपॉझिटरीची (कोडसाठ्याची) सीक्रेट्स दिलीच जात नाहीत, आणि नसलेलं सीक्रेट एरर न देता रिकामी स्ट्रिंग होऊन येतं. ९ आली, तर जावास्क्रिप्टचा ‘अनडिफाइन्ड’ शब्दच टाइप होतोय. ४ आली, तर पायथनचा ‘नन’ किंवा दुसऱ्या कुणाचा ‘नल’.

१३ हा सगळ्यांत छळणारा आकडा. शेलच्या ‘एको’ कमांडने सीक्रेट बनवलं की शेवटी नवी ओळ चिकटते, ‘प्रिंट-एफ’ वापरलं की चिकटत नाही. कुबरनेटीज या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत सीक्रेट बेस-६४ या अक्षररूपात दिसतं, त्यामुळे तिथे हे नुसत्या डोळ्यांनीही पकडता येतं. १२ अक्षरांचं बेस-६४ बरोबर १६ अक्षरांचं होतं. ते २० भरलं आणि शेवटी मोठा सी, लहान जी व दोन बरोबरची चिन्हं दिसली, तर ती नवी ओळच. सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाच्या टेस्टमध्ये हिचा त्रास वेगळाच. नवी ओळ म्हणजे एंटर, त्यामुळे फॉर्म आपोआप सबमिट होतो आणि पुढची ‘लॉगिन बटण दाबा’ ही पायरी बटण सापडत नाही म्हणून फेल होते. मग माणूस दिवसभर लोकेटर (पानावरचं बटण शोधण्याची खूण) दुरुस्त करत बसतो. फाइल विंडोजवर सेव्ह करून लिनक्सवर वाचली, तरी लांबी एकाने वाढते. तिथे ओळीच्या शेवटचा कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं. फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडला मोठ्या ए-चा पर्याय दिला, की ते टोपीवाला एम होऊन दिसतं.

१४ म्हणजे बहुधा अवतरणचिन्हं आत आलीत. डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) एन्व्ह फाइलमधली, म्हणजे व्हेरिएबल्सच्या यादीतली, अवतरणं काढून टाकतं, पण साध्या ‘डॉकर रन’ला तीच फाइल दिली तर ती किमतीचाच (व्हेरिएबलमधल्या मजकुराचाच) भाग होतात. एकच फाइल दोघांना पुरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लांबी कमी भरली, तर आधी डॉलरवर संशय घ्यायचा. समजा, डॉलर पाचव्या जागी आहे, त्यामागे चार अक्षरं, मग ‘ॲट’चं चिन्ह आणि दोन आकडे. डबल कोटमध्ये शेल डॉलर आणि ती चार अक्षरं मिळून एक व्हेरिएबल समजतं. तसं व्हेरिएबल नसल्यामुळे पाचही गिळतं आणि उरतात ७. दोन डॉलर लागोपाठ असतील तर त्यांच्या जागी शेलचा प्रोसेस क्रमांक येतो, म्हणजे दर रनला पासवर्ड वेगळा! कंपोजच्या फाइलमध्ये मात्र तेच दोन डॉलर मिळून एकच डॉलर उरतो, आणि तिथे मुद्दाम तसंच लिहावं लागतं.

बिल्ड आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्समधला तुमचा सल्ला तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवण्याजोगा. सीक्रेट पुरवणाऱ्या ‘विथ-क्रेडेन्शियल्स’च्या आतल्या, शेल चालवणाऱ्या ‘एसएच’ पायरीला डबल कोट लावले, की ग्रूव्ही (जेनकिन्सची स्क्रिप्टची भाषा) आधीच किंमत स्क्रिप्टच्या मजकुरात भरून टाकतं आणि शेल तिचे पुन्हा अर्थ लावत बसतं. सिंगल कोट लावले, की व्हेरिएबल थेट शेल वाचतं. शेलमध्ये ते वापरताना मात्र डबल कोटमध्येच हवं. बाहेर सिंगल, आत डबल.

हॅशच्या (#) चिन्हाचाही असाच त्रास. नोडमध्ये एन्व्ह फाइल वाचणाऱ्या ‘डॉटएन्व्ह’ पॅकेजने १५व्या आवृत्तीपासून, किमतीला अवतरणं नसतील तर हॅशपासून पुढचं सगळं टिप्पणी म्हणून सोडून द्यायला सुरुवात केली. टीमने नुसतं पॅकेज वर नेलं आणि लॉगिन मोडलं, तर कारण इथे शोधावं. आणि पासवर्ड नुसते आकडेच असतील तर यॅमल प्रकारच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्यांना अवतरणं हवीतच. यॅमल वाचणारी पायथनची पाययॅमल लायब्ररी ०१२३४५ ला ऑक्टल (आठच्या पायातली संख्या) समजून ५३४९ करून देते.

आता लांबीची परीक्षाही जिथे फसते ती जागा. एपीआय तपासणाऱ्या पोस्टमनमध्ये व्हेरिएबल सापडलं नाही तर दुहेरी महिरपी कंसांसकट त्याचं नावच पाठवलं जातं. नाव इंग्रजीत ‘पासवर्ड’ असेल तर ती ८ अक्षरं, कंसांची ४, एकूण १२. आकडा बरोबर, आतला माल खोटा! यासाठी तुम्ही सांगितलेली दुसरी खूण म्हणजे पासवर्डच्या शा-२५६ हॅशची (मजकुरावरून काढलेल्या ठशाची, # चिन्हाची नव्हे) फक्त पहिली चार अक्षरं दोन्हीकडे ताडून बघणं. पूर्ण हॅश मात्र लॉगमध्ये ठेवायचा नाही, कारण दुबळा पासवर्ड त्यावरूनही ओळखता येतो. आणि काम झालं की या तपासणीच्या ओळीही काढून टाकायच्या.

चौथ्या ठिकाणचं, म्हणजे फील्डमधलं, थोडक्यात. तिथेच आकडा घसरला तर फील्डची कमाल लांबी बघायची. सायप्रेस या टेस्टिंगच्या साधनात ‘टाइप’ महिरपी कंसाला खास कळ समजतं, म्हणून तसा कंस पासवर्डमध्ये असला तर खास कळा ओळखण्याचा पर्याय बंद करायचा, आणि लॉगचाही बंद करायचा. रोबोट फ्रेमवर्क या दुसऱ्या साधनात ब्राउझर लायब्ररीच्या ‘फिल सीक्रेट’ला व्हेरिएबल महिरपी कंस न लावता, नुसत्या डॉलरने द्यायचं. सेलेनियम लायब्ररीचा ‘इनपुट पासवर्ड’ स्वतः काही छापत नाही, पण लॉगची पातळी ट्रेसवर (सगळ्यांत तपशीलवार पातळीवर) नेली की रोबोट सगळे आर्ग्युमेंट्स लिहून ठेवतो. शोध घेताना नेमकी हीच पातळी कुणीतरी चालू करतं.

मास्किंगच्या, म्हणजे लॉगमध्ये सीक्रेट आपोआप झाकलं जाण्याच्या, भरवशावर राहू नका हेही तुम्हीच बजावलंत. जेनकिन्स किंमत ओळखता आली तरच तिच्या जागी चांदण्या लावतं. तीच किंमत रूप बदलून, उदाहरणार्थ यूआरएलमध्ये टक्क्यांची चिन्हं होऊन, आली तर सरळ छापली जाऊ शकते. आणि पासवर्डच ‘टेस्ट’ ठेवला असेल तर लॉगभर चांदण्याच चांदण्या, वाचायचं काय?

या सगळ्यानंतर टेस्ट खात्याचा पासवर्ड बदलणं आलंच, कारण जुना पासवर्ड कुठल्या ना कुठल्या लॉगमध्ये राहिलेला असतो. इथे बहुतेक जण सांगतात की खास चिन्हं टाळा, डोक्याला ताप नको. तुम्ही उलट सांगितलंत: नवा २० अक्षरी करा आणि डॉलर, हॅश, महिरपी कंस, अवतरण मुद्दाम ठेवा, खऱ्या वापरकर्त्यांचे पासवर्ड तसेच असतात, आणि जे मोडायचं ते आपल्या पाइपलाइनमध्ये मोडू दे. तसाच ठेवला आहे. फक्त सुरुवातीची नव्हे, चारही ठिकाणची लांबी २० येते.

आपले कृतज्ञ,
टेस्टिंगच्या बाकावरचे आम्ही सगळे