दाह खरा, पण मीठही सुटत नाही

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. रक्तदाब वरचा १४८, खालचा ९४, आणि त्यावर तुझी मल्लिनाथी: 'सगळा खेळ दाहाचा (म्हणजे शरीरातल्या इन्फ्लमेशनचा) आहे, मिठाला उगाच बदनाम केलंय.' यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणून तर सविस्तर लिहितेय.

मिठाने शरीरात पाणी साचतं, रक्ताचं प्रमाण वाढतं, दाब चढतो, हे तुला ठाऊक आहेच. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००७ मध्ये टी आणि बी पेशीच (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांना रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन दिलं, तर दाब फारसा चढेना. टी पेशी परत सोडल्या, तसा चढला. म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचाही यात हात आहे. पुढे २०१३ मध्ये दिसलं, की मीठ जास्त असलं की दाह भडकवणाऱ्या टीएच-१७ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) जास्त तयार होतात. आता सांग, दाह आणि मीठ वेगळे कुठे राहिले? त्या आगीत तेल ओतणारं मीठच निघालं की!

म्हणून 'दाहशामक' लिहिलेल्या कॅप्सूलच्या नादी लागू नकोस. आणि ते आयबुप्रोफेन, जे तू पाठ दुखली की गोळ्या-बिस्किटासारखं तोंडात टाकतोस, ते दाह उतरवतं खरं. पण मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं आणि दाब वाढवतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांग.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. तू वरून मीठ घेत नाहीस, मान्य. पण पाकीट उलटं करून बघ. तिथे मीठ नसतं, सोडियम असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुण. ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ झालं! शिवाय तो आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो, अख्ख्या पाकिटाचा नव्हे. (अक्षरं इतकी बारीक का छापतात, ते कळलं ना?)

पोटॅशियमवालं मीठ चांगलं आहे, पण मूत्रपिंडाचा त्रास असला किंवा दाबाच्या काही गोळ्या चालू असल्या तर ते अंगाशी येतं. विचारल्याशिवाय आणू नकोस. डॉक्टरांनी गोळी दिली तर मीठ कमी केलंय म्हणून ती परस्पर बंद करायची नाही.

दाब मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून बस, पाय जमिनीवर, फोन बाजूला. आकडे वहीत लिही आणि रविवारी मला पाठव.

तुझी,
आई